मोजणारे हात कोणाचे?



पत्रिकेवर आजच्या विषयाचं नाव ‘समावेशक प्रादेशिक आरोग्य-संशोधन’ असं छापलं आहे. तीन जड शब्द एका ओळीत. ते पत्रिकेवरच राहू द्या. आपण सुरुवात करू एका लाकडी चौकटीपासून.

चौकट हातात धरता येईल एवढीच. तिच्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. प्रत्येक ओळीत आधी काही निळे मणी आणि शेवटी एक लाल. वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि बाळाच्या पोटाकडे बघत बसायचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणखी दहा झाले की दुसरा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे असं समजायचं आणि औषध सुरू करायचं. एक ओळ दोन महिन्यांच्या आतल्या तान्ह्यासाठी, दुसरी त्याहून थोरल्या बाळासाठी, कारण तान्ह्याचा श्वास मुळातच जलद असतो.

हे यंत्र कोणत्या प्रयोगशाळेत सुचलं? गडचिरोलीत, आणि एका अडचणीतून सुचलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. न्यूमोनियाने मुलं दगावत होती. पुस्तकातला नियम सोपा होता: तान्ह्याचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, थोरल्याचे ५० किंवा अधिक झाले की न्यूमोनिया. औषध स्वस्त होतं. पण घरात, रात्री-अपरात्री, बाळाजवळ असायची ती गावची दाई, आणि तिला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं.

आता इथे दोन वाटा फुटतात. एक वाट म्हणते, दाईला मोजता येत नाही, म्हणून ती निरुपयोगी. शिकलेला माणूस आणा. शिकलेला माणूस त्या गावात राहायला येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी ही वाट अहवालात फार छान दिसते. दुसरी वाट विचारते, दाईला दहापर्यंत मोजता येतं ना? मग दहा-दहानेच मोजू. मणी आले ते या दुसऱ्या वाटेने. दाईच्या अंगी काय नाही याची यादी करण्यापेक्षा तिच्या अंगी काय आहे हे कुणीतरी नीट पाहिलं.

पुढे काय झालं? गावपातळीवर ज्या मुलांना औषध मिळालं, त्यांच्यात न्यूमोनियाने दगावण्याचं प्रमाण ०.८ टक्के होतं. ज्यांना मिळालं नाही, त्यांच्यात १३.५ टक्के. १९९० मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. लंडनच्या त्या नियतकालिकात आकडे गेले, आणि आकड्यांच्या मुळाशी होते निरक्षर दाईचेही हात.

आजच्या संध्याकाळी म्हणायचं आहे ते एवढंच. आरोग्याचं संशोधन कोणत्या गावात झालं यावर ते त्या प्रदेशाचं ठरत नाही. प्रश्न कोणी विचारला, मोजलं कोणी, आणि कळलेलं परत कोणाच्या हातात गेलं, यावर ते ठरतं. हे तीन प्रश्न खिशात ठेवून आपण महाराष्ट्रात थोडं हिंडू.

पहिला प्रश्न. प्रश्न कोणाचा?

गडचिरोलीतच राहू या, कारण तिथलं उत्तर फार बोलकं आहे. ऐंशीच्या दशकापर्यंत खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे सरकारदरबारी दोनच गोष्टी होत्या: बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. बाई गरोदर असेल तर नोंदवहीत, नसेल तर नोंदवहीच्या बाहेर. दोन गरोदरपणांच्या मधे, आधी, नंतर तिला शरीर असतं, ते दुखतं, हे कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. बायका आपापसात बोलायच्या. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, पाळी वेळेवर येत नाही. आणि शेवटी एक वाक्य: बाईच्या जातीला हे चालायचंच.

वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ‘सर्च’ने ६५० बायकांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा जननेंद्रियाचा काही ना काही आजार निघाला. एकेका बाईला सरासरी साडेतीनहून अधिक. आणि याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झाली होती अशा बायका किती? अवघ्या ८ टक्के. म्हणजे ‘चालायचंच’ हे वाक्य शंभरातल्या ब्याण्णव जणींच्या बाबतीत एका आजाराचं पांघरूण होतं. हा अभ्यास १९८९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला आणि स्त्रियांच्या आरोग्याकडे बघण्याची जगाची नजर त्याने बदलली, असं त्या क्षेत्रातली माणसं आजही सांगतात.

यात विज्ञान अवघड नव्हतं. तपासणी साधी, प्रयोगशाळा साधी. अवघड होतं ते साडेसहाशे बायकांनी तपासू देणं. ज्या गावात डॉक्टरीण ओळखीची झालेली नाही, तिथे हा अभ्यास होऊ शकला असता का? आणि बायका काय बोलतात हे ऐकायला कुणी बसलं नसतं, तर हा प्रश्न तरी कुणाला सुचला असता? राणी बंग यांच्या एका पुस्तकाचं नाव ‘कानोसा’ आहे, ते उगीच नाही.

याच संस्थेच्या दवाखान्याची गोष्ट लहान आहे, पण सांगण्यासारखी. गडचिरोलीच्या आदिवासींना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? त्यांनी जी कारणं दिली ती कोणत्याही प्रश्नावलीच्या पर्यायांत बसणारी नव्हती. मोठी इमारत भुलभुलैयासारखी वाटते. पेशंटबरोबर आलेल्या माणसांना राहायला जागा नसते. आणि डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत वावरतात. आम्ही पांढरं कापड मेलेल्या माणसाला गुंडाळतो. मग दवाखाना उभा राहिला तो गोंडांच्या पाड्यासारखा, झोपड्या-झोपड्यांचा, नातलगांना मुक्काम करता येईल असा. नाव त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी दवाखाना. शहरातल्या एखाद्या रुग्णालयाने अशी पाहणी केली असती, तर ‘जनजागृतीचा अभाव’ असा शेरा मारून फाइल बंद झाली असती.

प्रश्न कधी कधी एका माणसालाही पडतो, तो जागेवर असेल तर. १९७६ मध्ये हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू. दगड उचलताना, पेंढा उपसताना, अनवाणी चालताना तो डसायचा. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुप्फुसात पाणी, आणि धडधाकट माणूस किंवा खेळतं मूल काही तासांत जायचं. गंभीर विंचूदंशाच्या रुग्णांत शंभरातले तीस-चाळीस दगावत. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत याला जेमतेम जागा होती. का? पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या देशात हा विंचू नव्हता. आणि या देशातल्या मोठ्या रुग्णालयांपर्यंत असा रुग्ण जिवंत पोहोचत नव्हता.

बावस्कर रुग्णाच्या खाटेशी रात्र रात्र बसले. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, पुन्हा नाडी. लिहीत गेले. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’ने छापलं. त्यातून लक्षात आलं की विषामुळे शरीरात जे वादळ उठतं ते थोपवायला रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची गोळी उपयोगी पडते. साधी, स्वस्त गोळी. ऐंशीच्या दशकात ती वापरात आली आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या पदकापेक्षा बिरवाडीच्या केंद्रातली कंदिलाशेजारची वही डोळ्यांपुढे आणून बघा. संशोधनाला अनुदान नव्हतं, सहायक नव्हते, होता तो समोर मरणारा माणूस आणि त्याच्यापाशी बसून राहण्याचा हट्ट.

दुसरा प्रश्न मोजण्याचा. इथे थोडं थांबावं लागेल, कारण मोजपट्टीत फार मोठं राजकारण असतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापलं. दोन माणसं शेजारी-शेजारी उभी. एक याज्ञिक स्वतः, दुसरे त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. म्हणजे जगाच्या तक्त्यानुसार दोघंही सडपातळ, दोघंही ठणठणीत. पण शरीरातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के. पट्टी तीच, माणसं दोन, आणि पट्टी एका माणसाबद्दल खोटं बोलत होती.

या फरकाचं मूळ कुठे आहे, याचा शोध त्याच गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत घेतला. १९९३ मध्ये तो अभ्यास सुरू झाला. गरोदर होण्याच्या आधीपासून बायकांची नोंद, मग गरोदरपण, मग बाळ, मग ते बाळ वाढतं तसतशी त्याची नोंद. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. पण पुण्याच्या बाळात जे कमी होतं ते मुख्यतः स्नायू. चरबी बऱ्यापैकी जपलेली. बारीक दिसणारं, तरी आतून चरबीचं बाळ. पुढे याच बाळाला मधुमेहाचा धोका का, या प्रश्नाचा एक धागा तिथे सापडला.

पण याहून सुंदर भाग पुढे आहे. बाळाचं वजन आईच्या पोटात किती कॅलरी गेल्या यावर ठरतं, असं आपण धरून चालतो. या सहा गावांत दिसलं ते असं की, एकूण कॅलरींपेक्षा पालेभाजी, फळं आणि दूध ज्या बायका जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं अधिक भरली. आणि दुसरं, शेतातली कामं, विहिरीचं पाणी आणणं, धुणं धुणं, हे कष्ट ज्यांना जास्त होते त्यांची बाळं लहान. विहिरीचं पाणी शेंदून आणणं हा ‘व्यायाम’ आहे की ‘काम’? परदेशी प्रश्नावलीत त्याला रकानाच नसतो. तो रकाना करायला बाईचा दिवस पहाटेपासून माहीत असावा लागतो.

याच बायकांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. आणि आपण वर्षानुवर्षं गरोदर बाईला गोळी देतो ती लोह आणि फॉलिक ॲसिडची. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या गटातलंच जीवनसत्त्व, जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. गोळी बंद करा, असा याचा अर्थ नाही. घरी जाऊन तसं कुणाला सांगू नका. अर्थ एवढाच की सगळ्या जगाला एकच गोळी पुरेल हे गृहीत धरण्याआधी या सहा गावांतल्या बाईचं रक्त तपासून बघावं लागतं.

मोजणीतून सुटतं कोण? हाही मोजणीचाच प्रश्न.

दिवाळीनंतर मराठवाड्यातल्या कित्येक गावांत निम्मी दारं कुलपात असतात. ऊसतोडीला जोडपं जातं. त्या जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात; मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. आधी उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही. एक दिवस कामाला नाही गेलं की ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. सर्वेक्षण करणारी बाई हिवाळ्यात त्या गावात आली तर ती वहीत काय लिहिणार? ‘घर बंद’. म्हणजे राज्यातल्या सर्वांत कष्टाच्या कामातल्या बायका आरोग्याच्या आकड्यांत ‘घर बंद’ या दोन शब्दांत मावतात.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या गाजल्या. सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. श्रोतेहो, वसा-अमिर्झाचा आकडा आठवा. पांढरं जातंय, पाळीत फार जातं, कंबर धरते, ही १९८९ ची तक्रार तीस वर्षांनीही तीच होती. फक्त आता तिच्यावर उपाय सांगितला जात होता तो पिशवी काढून टाकण्याचा. पाळी नाही म्हणजे खाडा नाही. हे बाहेर आणलं कोणी? मोठ्या संशोधन संस्थांनी नाही. बायकांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी. खाड्याचा आणि गर्भाशयाचा संबंध लावायला ‘खाडा’ हा शब्द आधी ऐकलेला असावा लागतो.

भाषेचं म्हणाल तर महाराष्ट्रात माडिया बोलणारे आहेत, गोंडी बोलणारे आहेत, मेळघाटात कोरकू आहे. त्यांच्यापुढे संमतीपत्र येतं ते प्रमाण मराठीत, तेही इंग्रजीवरून शब्दाला शब्द लावून केलेल्या मराठीत, जे या सभागृहातल्या पदवीधरांनाही दोनदा वाचावं लागेल. खाली अंगठा. झाली संमती! महाराष्ट्राबाहेरचं एक उदाहरण बघा. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प झाला. तो मधेच थांबवावा लागला. नंतर संसदीय समितीसमोर आलं की अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. लस चांगली असू शकते. या लसीचा उपयोग पुढे जगभर सिद्धही झाला. पण आदिवासी मुलीच्या आईला विचारायची गरज कुणाला वाटली नाही, ते त्याने पुसलं जात नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि तो सर्वांत अडचणीचा. कळलेलं परत कोणाकडे गेलं?

बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्याच पायावर पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक प्रचंड अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पॅप तपासणी, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी. आणि एका गटाला यांतलं काहीच नाही. त्यांना नेहमीच्या सेवा मिळत होत्या तेवढ्याच. आठ वर्षांनी निकाल आला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, तुलनेच्या गटात ६४. २००९ मध्ये हे छापून आलं. आज एकदाच्या चाचणीवर जगभर जी चर्चा होते, तिच्या पायाशी धाराशिवच्या बायका आहेत.

आणि त्या ६४ जणी? त्यांच्यावरून देशात आणि परदेशात वाद झाला. तपासणीने जीव वाचतो हे श्रीमंत देशांना आधीपासून ठाऊक होतं, मग एका गटाला ती का नाकारली, असं एक बाजू म्हणाली. ग्रामीण भारतात अशी तपासणी मुळात कुणालाच मिळत नव्हती, तुलना केल्याशिवाय सरकारला पटवता आलं नसतं, असं दुसरी बाजू म्हणाली. दोन्ही बाजूंना विद्वान माणसं होती. पण वादाचा निकाल नेमका काय लागला यापेक्षा हे बघा, की त्या वादात तुलनेच्या गटातल्या एकाही बाईचं म्हणणं कुठे ऐकू येत नाही. अभ्यासाची रचना कितीही निर्दोष म्हणा, ही उणीव आहे. निकाल खरा, उपयोग मोठा, आणि तरीही उणीव.

याउलट एक उदाहरण आहे जिथे कळलेलं परत गेलं, आणि फार लांबवर गेलं. पुन्हा गडचिरोली. १९९५ ते १९९८. घरी जन्मलेलं बाळ आजारी पडलं तर दवाखान्यात न्या, असं सांगूनही लोक नेत नव्हते. म्हणून ३९ गावांतल्या थोडंफार शिकलेल्या बायकांना बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, गुदमरलं तर काय करायचं, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन कसं द्यायचं. खेड्यातली बाई नवजात बाळाला सुई टोचणार! वैद्यकातल्या भल्याभल्यांच्या भुवया वर गेल्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी आधी सोळा-सतरा दगावत, ते प्रमाण तीनच्याही खाली आलं.

त्या बायकांना तिथे ‘आरोग्यदूत’ म्हणतात. २०११ मध्ये घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत केंद्र सरकारने देशभरासाठी स्वीकारली आणि ती ‘आशा’ कार्यकर्तीच्या कामात आली. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती घरी येते. वजन करते, ताप बघते, आईला दूध येतंय का विचारते, श्वास मोजते.

ती तुमच्या दारातही येते, किंवा तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या दारात येते. पुढच्या वेळी ती वही घेऊन आली की घाई करू नका. तिला बसायला सांगा, पाणी द्या, वहीत काय लिहिते ते बघा, आणि या नोंदींचं पुढे काय होतं ते तिला विचारा. आणि तिलाही ते माहीत नसेल, तर तिच्या वतीने ग्रामसभेत, वॉर्डात, जिथे तुमचा आवाज पोहोचतो तिथे तेच विचारा. एका बाळामागे या सहा भेटी पूर्ण केल्यावर तिच्यासाठी ठरलेला मोबदला आहे २५० रुपये.